चरिंजीवगडाची हकीकत

श्रीमूषकवाहन प्रसन्न. ज्याच्या उंदरावर बोट ठेविल्यावाचून संगणकाचे पान हालत नाही, त्या गजाननास दंडवत. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन मासी वर्तमान जाहले ते ऐसे: संगणकांचे मुलखी राज्ये दोन. एक पातशाही, तेथे रयत अमाप आणि खंडणीही अमाप. दुसरे मुक्तराज्य, तेथे घर फुकट, जमीन फुकट, कोठाराच्या चाव्या सर्वांचे हाती, आणि इतके असोन राहावयास काळे कुत्रे येईना. त्या राज्याचे कैवारी भिकाजीपंत. ते भर दरबारी मिशांस पीळ देऊन बोलिले होते, "दिवाळीआत एक साधे घर वसविले नाही, तर हे पागोटे उतरवीन." बोलणारास काय, जीभ उचलली की लाविली टाळ्यास!

तों पातशहांनी हुकूम फर्माविला की जुने संगणक आमचे वेशीत घेणे नाहीत, ज्याने त्याने नवे खरेदी करावे. तेणेकरोन पंतांची मावशी द्वारकाबाई, लग्नपत्रिका जुळवोन पोट भरणारी, हाताशी धडधाकट संगणक असोन बेघर जाहली. पंतांचा आनंद गगनात मावेना. मावशीस वाजतगाजत आणिले आणि तिचे संगणकावर मुक्तराज्याची प्रणाली बसविली आणि पेढे वाटिले. मग मावशीने नातवाचीच पत्रिका लिहावयास घेतली; सायंकाळी कुलदेवतेपुढे ठेवणे होती. लिहिले 'चिरंजीव' आणि उमटले 'चरिंजीव'. वेलांटी उडी मारोन 'र'वर जाऊन बसली. मावशी बोलिली, "अरे भिकू, हे काय रे? व्याही तोंडावर हसतील माझ्या. एवढी वेलांटी जागेवर आणून दे, बाकी तुझं राज्य सोन्याचं आहे."

मुक्तराज्यात सरदार अनेक, ज्याचा त्याचा गड निराळा आणि प्रणाली निराळी; पंत डौलाने त्या सरदारांचे फडावर गेले आणि अर्ज केला, आणि मग काय विचारता! पहिले सरदार बोलिले, "पोथी वाचिली काय?" पोथी पाहिली, तीत वेलांटीचे नावही नाही. दुसरे बोलिले, "कोणत्या गडावरील प्रणाली घेतलीत? छे छे! तो गड सोडा, आमचे गडावर या." तिसरे बोलिले, "काळा पडदा उघडोन हा मंत्र लिहा." मंत्र लिहिला तों संगणकाचा आवाजही गेला. चौथे बोलिले, "आम्ही इंग्रजीत लिहितो, आम्हांस वेलांटी लागतच नाही," आणि वर हसले! मग वेलांटी अक्षराआधी मोजावी की नंतर, यावर वाद पेटला, आणि हमरीतुमरी जाहली, आणि दोघे सरदार रुसोन निघाले आणि त्यांनी आपला निराळाच गड बांधावयास घेतला. निशाण नवे, नगारा नवा, भिंतीवरील चित्रे नवी. वेलांटी जेथल्या तेथे. अहो, वरातीस घोडा मागितला, तर हे नालांचे शास्त्र सांगत बसणार!

ऊन उतरले तैशी मावशी उठली आणि बोलिली, "भिकू, तुझी माणसं शहाणी आहेत रे, पण माझं काम एकालाही दिसलं नाही. सगळे आपलंच शहाणपण बघत बसले." मग हातची पाटली मोडोन पातशाहीचा नवा संगणक घेतला, आणि पत्रिका सुरेख उमटल्या, आणि त्यांतील एक कुंकू लावोन पंतांचे हाती दिली. एक शब्द टाकून बोलली नाही. त्याचेच पंतांस रडू कोसळले.

मग पंत नव्या गडावर गेले आणि सरदारांसमोर पागोटे उतरवोन ठेविले. कोणी मान वळवोन पाहिले नाही. सर्व मंडळी दरवाजाकडे पाहोन माना डोलवीत होती. वादाची आठवण म्हणोन गडाचे नाव चिरंजीवगड ठरले होते आणि आपलेच प्रणालीवर छापोन त्याबरहुकूम दगडावर नुकतेच कोरिले होते. पंतांनी वाचिले: 'चरिंजीवगड'.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. गड उदंड, सरदार उदंड. आली होती ती एक म्हातारी, तीही गेली.