साळुंकीच्या पिल्लाचा उड्डाण-दाखला

ज्याची काळजी घेणारे अनेक असतात, त्याला स्वतःची काळजी घेण्याइतका वेळ कधीच मिळत नाही. आणि म्हणूनच तो सर्वांत सुरक्षित असतो. मार्गिलान शहरातल्या तुतझोर महल्ल्याने हे तत्त्व जितके मनावर घेतले आहे, तितके अन्य कुणी घेतल्याचे ऐकिवात नाही. महल्ल्यात घरे एकशे बारा, बागा एकशे नऊ आणि काळजी घेणाऱ्या समित्या सात. (उरलेल्या तीन घरांना बाग का नाही, याची काळजी घेण्यासाठी आठवी समिती प्रस्तावित आहे.)

या सातही समित्यांचा चिटणीस एकच होता. त्याचे नाव शोकिर. वय अठ्ठावीस, अक्षर सुवाच्य, स्वभाव अबोल. सभेत तो खिडकीजवळ बसे, ठराव लिहून घेई आणि दोन ठरावांच्या मध्ये आकाशाकडे पाही. ढग पाहणे ही एकच गोष्ट तो कुणाच्याही मदतीशिवाय करीत असे.

शोकिर घरातला धाकटा मुलगा. थोरल्यांनी लग्नानंतर वेगळे घर करायचे आणि धाकट्याने आईवडिलांजवळ राहायचे, अशी तिकडची रीत आहे. घर त्याच्या वाट्याला येते आणि तो घराच्या. शोकिरचे वडील वारले होते, दोन्ही भाऊ दूर होते आणि आई सओदत ही जवळ होती. ती इतकी जवळ होती की चहा फार गरम आहे हे शोकिरला आयुष्यात कधी स्वतःहून कळले नव्हते.

तिकडची आणखी एक रीत येथे नोंदवणे आवश्यक आहे. प्रवासाला निघणारा माणूस उंबऱ्यावर ताज्या नानचा एक घास दातांनी तोडतो आणि उरलेला नान घरातल्या खिळ्याला टांगला जातो. माणसाने परत यावे आणि तो संपवावा, असा त्यात करार असतो. सओदतच्या भिंतीवर तीन खिळे होते. पहिल्यावर थोरल्याचा नान होता. तो ताश्कंदला होता. दुसऱ्यावर मधल्याचा, तो उत्तरेला कुठेतरी इमारती बांधत होता आणि त्याचा नान आता विटेच्या दर्जाचा झाला होता. तिसरा खिळा शोकिरचा. गेल्या नऊ वर्षांत शोकिरने सात नान चावले होते. सातही वेळा तो परत आला होता. अनुपस्थितीचा सरासरी काळ: तीन तास चाळीस मिनिटे. परतण्याची कारणे: छत्री विसरली (दोनदा), वारा सुटला, गाडीत गर्दी वाटली, आईच्या मनात काहीतरी आले (तीनदा). सातही नान त्याच दिवशी दुपारी शोरब्यात बुडवून संपवण्यात आले.

असे असताना त्या हिवाळ्यात शोकिरने कुणालाही न सांगता एक अर्ज केला होता. झोमिनच्या डोंगरात एक हवामान-चौकी होती. तेथे दिवसातून तीन वेळा आकाशाकडे पाहायचे आणि कोणते ढग आहेत ते वहीत लिहायचे, अशी ती नोकरी. मे महिन्याच्या शेवटी पत्र आले: सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हावे; न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला देण्यात येईल. त्यासाठी सोमवारची नऊची गाडी पकडणे भाग होते. शोकिरने ते पत्र इतक्या वेळा वाचले की घडीवरची अक्षरे पुसट झाली. गुरुवारी रात्री जेवताना त्याने ते आईपुढे ठेवले. आई ते वाचून म्हणाली, "डोंगरात थंडी असते." आणि त्याच्या पानात आणखी एक समसा, म्हणजे तंदुरात भाजलेला समोसा, पडला.

शुक्रवारी सकाळी साळुंकीचे पिल्लू अंगणात उतरले.

अंगणातून रस्त्यावर उघडणाऱ्या दरवाज्याच्या वरच्या वळचणीत साळुंक्यांचे घरटे होते. ठरावीक वयाला पिल्ले त्यातून खाली येतात, दोन-तीन दिवस जमिनीवर टुणटुणत हिंडतात आणि मग उडतात, असा या पक्ष्यांचा फार जुना प्रघात आहे. पण त्याला महल्ल्याची मंजुरी नव्हती. पिल्लू दरवाज्याच्या आतल्या कोपऱ्यात बसले. चोचीच्या कडा पिवळ्या, शेपूट अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखे आणि चेहऱ्यावर आपला अपमान झाल्याचा भाव. सओदतने हातातला झाडू टाकला.

"अगं बाई! पडलं, पडलं!"

नऊ मिनिटांत समिती जमली. अध्यक्ष मामासोली अक्साकाल, म्हणजे महल्ल्याचे वडीलधारे. दाढी पांढरी, आवाज कोर्टातला. महिला विभागाच्या प्रमुख शेजारच्या रिझवान मावशी. चिटणीस शोकिर. दरवाजातून आत येताना साळुंक्यांनी अक्साकालांच्या डोक्यावर चार चोची मारल्या. त्यावरून, पिल्लाच्या आईबापांना पिल्लाची काहीच फिकीर नाही, असा निष्कर्ष एकमताने काढण्यात आला.

"फिकीर असती तर माझ्या डोक्यात वेळ घालवला असता का?" अक्साकाल म्हणाले. "लिही बाळा."

शोकिरने लिहिले.

ठराव पहिला: पिल्लू निराधार आहे. ठराव दुसरा: दरवाजा उघडल्यास पिल्लू चिरडण्याचा संभव असल्याने, पिल्लू रीतसर उडेपर्यंत दरवाज्याला मोहोर लावण्यात यावी. ठराव तिसरा: समिती-सदस्यांच्या ये-जा करण्यासाठी भिंतीला आतून आणि बाहेरून शिड्या लावाव्यात. ठराव चौथा: पिल्लाला प्रत्येक घराने आळीपाळीने भरवावे.

"तिसऱ्याला माझी एक उपसूचना आहे," सओदत म्हणाली. "शोकिरनं शिडी चढायची नाही. त्याला उंचीचा त्रास आहे."

"कधीपासून?" अक्साकालांनी विचारले.

"पाळण्यातून पडला होता."

उपसूचना मंजूर झाली. शोकिरने ती लिहिली. 'शिडी' या शब्दावर त्याची लेखणी क्षणभर थांबली, पण वेलांटी नेहमीसारखीच सुबक आली. मग त्याने स्वतःच्या घराच्या दरवाज्यावर, आतल्या बाजूने, स्वतःच्या हाताने मोहोरेची पट्टी चिकटवली. (आजवर कुठल्याही कैद्याने इतकी सरळ पट्टी चिकटवलेली नाही, असे अक्साकालांनी कौतुकाने सांगितले.)

पुढच्या दोन दिवसांचा तपशील समितीच्या वहीत आहे. साळुंक्यांनी शुक्रवारी चौदा आणि शनिवारी एकतीस हल्ले केले. अकरा दोप्प्यांची, म्हणजे तिकडच्या चौकोनी टोप्यांची, भरतकामे उसवली. त्यानंतर अक्साकाल कढईचे झाकण डोक्याला कमरपट्ट्याने बांधून शिडी उतरू लागले, आणि रिझवान मावशी कणकेचे घमेले पालथे घालून येऊ लागल्या. घमेल्याखालून त्यांना दिसत काही नसे, त्यामुळे शनिवारी त्यांनी शोकिरलाच दोनदा उकडलेले अंडे भरवले. त्याने ते निमूटपणे खाल्ले.

पिल्लाचा आहार पुढीलप्रमाणे होता: पांढऱ्या तुती, भिजवलेला नान, ओश नावाच्या पुलावातला भात (गाजर वेगळे काढून), जर्दाळूचा गर, सायीचे बोट. रेशमाचे कोष जोखायच्या तराजूवर त्याचे वजन सकाळ-संध्याकाळ होई. शुक्रवारी सकाळी ते चौऱ्याऐंशी ग्रॅम होते आणि रविवारी दुपारी एकशे नऊ. ते आता टुणटुणतही नव्हते. चोच उघडून बसे आणि घास पडण्यास विलंब झाल्यास समितीकडे पाही.

साळुंक्यांचे वर्तन मात्र दिवसेंदिवस आक्षेपार्ह होत गेले. शुक्रवारी त्या पिल्लाला भरवत होत्या. शनिवारी दुपारपासून त्यांनी ते बंद केले. पिल्लाची आई रस्त्यापलीकडच्या अक्रोडावर, चोचीत एक धष्टपुष्ट नाकतोडा धरून बसली आणि तेथूनच हाका मारू लागली. घास घेऊन यायची मात्र नाही.

"बघा, बघा!" रिझवान मावशी घमेल्यातून म्हणाल्या. "लेकराला नुसतं दाखवतेय मेली!"

"नोटीस काढावी लागेल," अक्साकाल म्हणाले.

नोटीस निघाली. अपत्यास अन्न दाखवून न देणे, परक्या झाडावर बसणे आणि समितीच्या अध्यक्षांस चोच मारणे, असे तीन आरोप होते. अक्साकालांनी ती अक्रोडाखाली उभे राहून मोठ्याने वाचली आणि कुटुंबप्रमुख या नात्याने नर साळुंकीला लेखी उत्तर देण्यास फर्मावले. (उत्तर तत्काळ आले. ते नोटिशीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे, आणि वाळल्यावर फायलीत लावले आहे.)

रविवारी संध्याकाळी समिती पांगल्यावर शोकिर आईजवळ अंगणातल्या चौथऱ्यावर बसला. पश्चिमेला एक लांब, पिसासारखा विरळ ढग होता. त्याचे नाव त्याला ठाऊक होते. ते सांगावे असे कुणी नव्हते.

"आई, उद्या नऊची गाडी आहे."

"पिल्लू उडालं की जा. मी का अडवतेय?"

"ते उडणार नाही. सगळे भरवतायत त्याला."

 सओदत अक्रोडाकडे पाहत होती. तीन दिवस महल्ला पिल्लाकडे पाहत होता. पिल्लाच्या आईकडे पाहणारी ती एकटीच होती.

"कालपासून त्या फांदीवरून हललेली नाही," ती हळूच म्हणाली. "घास तोंडात तसाच. स्वतःही खात नाही रे."

"तिला वाटत असेल, भूक लागली की येईल."

"आणि नाही आला तर?"

 शोकिरचा चहा निवला होता. आईने तो बदलला नाही. हे त्याच्या लक्षात आले, पण याचे काय करायचे असते हे त्याला माहीत नव्हते.

सोमवारी सकाळी शोकिर आठ वाजता उठला आणि न्याहारीला येऊन बसला. दस्तरखान अंथरलेला नव्हता. किटली थंड होती. तंदुरात राख होती. कपाटाला कुलूप होते. अठ्ठावीस वर्षांत असे प्रथमच घडत होते, म्हणून तो पंचवीस मिनिटे तसाच बसून राहिला. कोपऱ्यात पिल्लूही चोच उघडून बसले होते. (सोमवारची पाळी सओदतची होती.) दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग दोघेही ओरडले.

"आई!"

उत्तर भिंतीपलीकडून आले. "काय रे?"

शोकिर भिंतीपाशी गेला. आतल्या शिडीच्या तळाशी आईचा एक रबरी जोडा पडला होता. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, साळुंक्यांचा मार खात, ती शिडीवरून पलीकडे गेली होती.

"न्याहारी कुठाय?"

"इथं आहे. रिझवानच्या तंदुरातला नान. गरम आहे."

"मग आण ना इकडे."

"येऊन घे."

शोकिरने शिडीकडे पाहिले. मग उपसूचनेचा विचार केला. तिच्यावरचे अक्षर त्याचेच होते. मग त्याच्या पोटात गुरगुरले आणि तो पहिली पायरी चढला. पाचव्या पायरीवर त्याने शिडीला मिठी मारली. नवव्या पायरीवर साळुंकीच्या नराने त्याच्या टाळूवर नेम धरला. भिंतीच्या माथ्यावर तो पोटावर पालथा पडला, तेव्हा त्याला दिसले: रस्त्यापलीकडे अक्रोडाच्या फांदीवर साळुंकी, चोचीत नाकतोडा. त्याच अक्रोडाखाली त्याची आई, एका पायात जोडा, डोईवरच्या रुमालावर चोचींच्या तीन खुणा, हातात वाफाळता नान. तिच्या पायाशी त्याची बॅग. ती तिने केव्हा भरली, कुणास ठाऊक.

समिती धावत आली. "पडेल! पडेल! धरा त्याला!" रिझवान मावशी ओरडल्या. त्या कुणाविषयी बोलत होत्या हे घमेल्यामुळे स्पष्ट झाले नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी भुकेने कावलेले एकशे नऊ ग्रॅमचे ते पिल्लू खालून फडफडत निघाले, भिंतीला घासले आणि शोकिरच्या कानावरून पलीकडे गेले.

"कुणी मदत करायची नाही!" सओदत गरजली. महल्ल्याच्या इतिहासात हे वाक्य पूर्वी कुणी उच्चारलेले नव्हते.

वहीत दोघांच्या उड्डाणाची वेळ एकच आहे: आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे. (पिल्लू अधिक सफाईने उतरले.)

नऊची गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. शोकिरने गाडीच्या पायरीवर उभे राहून नानचा एक घास तोडला. तो खूप गरम होता. हे त्याला स्वतःहून कळले.

"डोक्याला लागलं का रे?" आईने विचारले.

"तुला?"

"मला काय होतंय. चढ."

गाडी गेली. सओदतने उरलेला नान रुमालाखाली झाकला, घरी येऊन तिसऱ्या खिळ्याला टांगला आणि त्या दुपारी शोरबा केला नाही. पुढे रोज सकाळी ती त्या नानवरची धूळ झटकी. त्याला कुणाला हात लावू देत नसे.

अपत्यास अन्न दाखवून भिंत चढावयास लावल्याबद्दल सओदतविरुद्ध समितीत तक्रार मांडली गेली. पण ती लिहून घेणारा आता झोमिनच्या डोंगरात ढग लिहीत असल्याने तक्रार अद्याप तोंडीच आहे. दुसऱ्या कुणाचे अक्षर तितके चांगले नाही.

तथापि असा प्रकार पुन्हा बेसावधपणे घडू नये, म्हणून समितीने उड्डाण-दाखल्याची पद्धत सुरू केली आहे. वीस वर्षांवरील प्रत्येक अपत्याने, मग ते कुठल्याही देशातले असो, हा अर्ज भरावयाचा आहे. प्रश्न तीनच आहेत. आपण आज जे जेवलात, ते कुणी केले? आपल्या अंगावरचा कपडा शेवटचा कुणी धुतला? प्रस्तुत मजकूर वाचताना जो कप आपण बाजूला ठेवलात, तो कोण उचलणार आहे? अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात असावा, अशी अट आहे. (आजवर आलेल्या एक्केचाळीस अर्जांपैकी अडतीसांवरचे अक्षर आयांचे आहे, उरलेले तीन कोरे आहेत.)

आपल्या अर्जाचा कागद आपल्या घरी केव्हाच पोचला आहे. कुठे ठेवला आहे, ते आईला विचारा.