आईला न सांगता झालेल्या ट्रिपा

विजेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं! लग्नाला चौदा वर्षं झाली, तेवढ्यात मी दोन इस्त्र्या, एक पंखा आणि एक मिक्सर स्वतःच्या हाताने दुरुस्त केला. मिक्सर आता फक्त दोन नंबरवर चालतो, पण चालतो. त्यामुळे कपडे धुण्याची मशीन घरभरची वीज घालवायला लागली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं की वायरमन बोलवायचा नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

ही मशीन आईची. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने सगळा संसार वाटून टाकला आणि दोनच गोष्टी बरोबर आणल्या. एक बाबांचा फोटो आणि दुसरी, बाबांनी तिच्यासाठी घेतलेली ही मशीन. आमची नवीकोरी मशीन आम्ही मुकाट्याने मेहुण्याला देऊन टाकली. आईची मशीन बाथरूममध्ये भिंतीला टेकून बसवली आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, आईच्या खोलीत, मी बाबांचा फोटो लावला. चांगला बोटभर लांबीचा खिळा, एका दमात ठोकला.

दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी मशीन कपडे पिळायला लागली आणि पंखे थांबले, फ्रीज गप्प झाला, मीटरजवळच्या बोर्डावरचं मोठं बटण खाली पडलेलं! बटण वर केलं, पुन्हा पिळायला लावलं, पुन्हा तेच. वायरमन मंडळी याला 'ट्रिप होणं' म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागलो. जाणकार माणसाच्या तोंडी ते शोभतं.

बायकोने विचारलं, आईंना सांगायचं का? मी नाही म्हणालो. बाबांची मशीन मोडीत काढावी लागेल अशी नुसती शंका आली असती तरी आई खचली असती. त्यामुळे आम्ही त्याबद्दल फक्त कुजबुजत बोलायचो. तिथेच घात झाला. कारण आईला मोठ्याने बोललेलं नीट ऐकू येत नाही, कुजबुजलेलं मात्र झाडून सगळं ऐकू येतं.

"आज दोनदा ट्रिप झाली," मी संध्याकाळी बायकोच्या कानात सांगायचो. "आईला कळू देऊ नकोस."

मी प्लग बदलला. पायात रबरी चपला घालून मशीनचं मागचं झाकण उघडलं, आत एक मोजा सापडला, झाकण लावलं आणि एक स्क्रू उरला. चौथ्या दिवशी दाढी करता करता वीज गेली आणि मी अर्ध्या दाढीने हार मानली. दबक्या आवाजात वायरमनला फोन लावला.

"हो, रोज ट्रिप होते... तिचं वय झालंय, कळतंय हो मला. पण एकदम घराबाहेर कशी काढू?... आवाज? फार करते... बरं, तुम्ही येऊन बघा, नाहीतर गॅलरीत ठेवू तिला."

दाराआड आई उभी होती, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर वायरमन, आणि मागे वळलो तर पायात चपला घालून, हातात बॅग घेऊन आई. मी विचारलं, कुठे निघालीस?

"तुझ्या ताईकडे. महिनाभर राहीन म्हणते," आई म्हणाली. "तुम्ही दोघं निवांत ट्रिपला जात जा. लपूनछपून कशाला? आणि मला गॅलरीत नको रे ठेवू. तिथे फार ऊन लागतं."

मी प्लग, मोजा, स्क्रू असं काहीबाही सांगायला लागलो. शेवटी बायकोनेच शहाणपणा केला. तिने मशीन पिळायला लावली आणि आईला बोर्डासमोर उभं केलं. मिनिटभरात बटण खट्‌कन पडलं.

"ही ट्रिप?" आईने विचारलं.

"हीच."

"आणि वय झालंय ती?"

"मशीन गं, आई!"

आई बॅगेवरच बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू थांबल्यावरही ते थांबेना. तिला दुखवायला नको म्हणून मी चार दिवस तिच्यापासून लपवलं, आणि तेच चार दिवस ती आपण नकोसे झालो असं समजून वावरत होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

वायरमनने मशीन तपासली. ठणठणीत होती. मग त्याने ती पुन्हा पिळायला लावली, भिंतीवर हात ठेवला आणि सरळ आईच्या खोलीत गेला. तिथे बाबांचा फोटो थरथरत होता. त्याने फोटो उतरवून आईच्या हातात दिला, खिळा उपटला. खिळ्याचं टोक काळं पडलेलं! भिंतीतल्या वायरमध्येच घुसला होता. मशीनने भिंत हादरली की खिळा हलायचा, करंट लीक व्हायचा आणि बटण पडायचं.

"हा खिळा कुणी ठोकला?" वायरमनने विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

आईने फोटोची काच हाताने पुसली.

"यांना या मशीनचा आवाज कधी खपलाच नाही," ती म्हणाली. "दुपारी जरा डोळा लागला की उठून बटण बंद करून यायचे."

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

वायर बदलली. फोटो समोरच्या भिंतीवर गेला, आणि खिळा वायरमनने ठोकला. आईची बॅग भरलेलीच होती, तेव्हा रविवारी आम्ही तिघं खरोखरच्या ट्रिपला निघालो. मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर आई बायकोकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "त्याच्या हातात परत हातोडी देऊ नकोस. आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस."

कुजबुजलेलं मलाही सगळं ऐकू येतं. आईवर गेलोय.