केशा, चित्र्या आणि सातशे घोडे

बसा बाळांनो, मोबाइल खाली ठेवा. पॉपकॉर्न सगळ्यांत वाटून खा. आज गाड्यांची गोष्ट आहे.

एका जंगलात रस्ता एकच होता आणि गाड्या दोन. दोन्ही अमेरिकेच्या.

पहिली गाडी केशव अस्वलाची. त्याचे आजोबा तिकडच्या सर्कशीत सायकल चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बोटीतून आणली. लांबलचक, लाल, आठ सिलिंडरची. चालू केली की झाडावरचे कावळे उडत आणि धुरामुळे बराच वेळ परत येत नसत.

दुसरी गाडी चित्रसेन बिबट्याची. त्याची बहीण अमेरिकेतल्या डोंगरी सिंहाकडे दिली होती. तिनं भाऊबीजेला पाठवली. काळी, कोरी करकरीत. पुढे मोठा पडदा, सीट गरम व्हायची, आणि गाडी स्वतः बोलायची. मराठीत बोलायची, पण बँकेतल्या नोटिशीसारखी.

केशव आणि चित्रसेन लहानपणापासूनचे मित्र. केशा आणि चित्र्या. केशा मध काढायचा तेव्हा चित्र्या खाली राखण करायचा. आता दोघं आपापल्या गाड्या ओढ्यावर धुवायचे, एकमेकांच्या गाडीवरून फडका फिरवायचे आणि काटेवहिनींच्या टपरीवर चहा प्यायचे. काटेवहिनी म्हणजे साळिंदरबाई. चहा झकास करायच्या. फक्त गर्दीत त्यांच्या फार जवळ बसायचं नसे.

एकदा टपरीवर एका वानरानं सहज विचारलं, "केशवकाका, तुमच्या गाडीची ताकद किती हो?"

"साडेतीनशे घोडे," केशव अभिमानानं म्हणाला.

"आणि तुमच्या?"

"सातशे," चित्रसेन म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता, बढाईही मारली नव्हती. पण टपरीवरच्या सगळ्या माना केशवकडे वळल्या.

केशवनं बशीतला चहा बशीतच ठेवला.

"काका, मनाला लावून घेऊ नका," वानर म्हणाला. "त्या काळचे घोडे मोठे असायचे."

"आणि आताचे व्यायाम करतात," कोपऱ्यातून कोल्हा म्हणाला.

झालं! वानर जुन्या इंजिनांचा कैवारी झाला आणि कोल्हा नव्या. वानराकडे गाडी नव्हती. कोल्ह्याकडे सायकलसुद्धा नव्हती. पण दोघांनाही फार माहिती होती.

"कार्ब्युरेटर म्हणजे हृदय!" वानर म्हणे. "तुमच्या गाडीत हृदय कुठंय? नुसता कॉम्प्युटर!"

"तुमच्या हृदयाला थंडीत चोक द्यावा लागतो!" कोल्हा म्हणे.

हळूहळू जंगल दुभंगलं. काटेवहिनींनी दोन किटल्या ठेवल्या. हरणांकडचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडचे कार्ब्युरेटरवाले निघाले. कुणीतरी जंगलातल्या खऱ्या घोड्यालाही विचारून आलं. तो म्हणाला, "माझ्यात एक घोडा आहे. तोही जेवणापर्यंतच."

केशव आणि चित्रसेन आधी हसले. मग हसेनासे झाले. रोज कानावर तेच पडलं की मनातही तेच रुजतं. एके दिवशी केशवनं ऐकलं की चित्रसेन त्याच्या गाडीला भंगार म्हणाला. चित्रसेननं ऐकलं की केशव त्याच्या गाडीला खेळणं म्हणाला. दोघंही असं काही बोलले नव्हते. पण दोघांनीही विचारलं नाही. ओढ्यावर ते वेगवेगळ्या वेळी जाऊ लागले.

शेवटी शर्यत ठरली. वडापासून नदीच्या बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं.

सकाळी सगळं जंगल वडाखाली लोटलं. केशवची गाडी खोकली, शिंकली आणि मग अशी गरजली की ससे बिळात पळाले. चित्रसेनची गाडी म्हणाली, "कृपया आसनपट्टा बांधावा."

कोल्ह्यानं शेपटी खाली केली आणि गाड्या सुटल्या. केशवची गाडी ढुंगण हलवत, धूळ उडवत निघाली. चित्रसेनची हलकेच गुरगुरत, सूं करून. पहिल्या वळणाआड दोन्ही दिसेनाशा झाल्या आणि प्रेक्षकांनी लगेच पाहिलेल्या गोष्टीवर भांडायला सुरुवात केली.

वळणापलीकडे रस्त्यावर म्हशींचं डबकं होतं. केशव पुढे होता. तो डबक्यातून धडाडत गेला आणि सगळा चिखल मागच्या गाडीच्या तोंडावर बसला.

"पुढच्या कॅमेऱ्याचा डोळा झाकला गेला आहे," काळी गाडी म्हणाली. "सुरक्षिततेसाठी थांबत आहे." आणि थांबली. चित्रसेननं आधी स्वतःचे डोळे पुसले. मग काच पुसली. मग पडद्यावरची सगळी बटणं दाबली. सीट तेवढी गरम झाली.

केशवनं आरशात पाहिलं आणि तो मनापासून हसला. पण समोर चढ होता. चढाच्या मध्यावर लाल गाडीच्या नाकातून वाफ आली. मग भसाभसा आली. मग ती गाडीही थांबली.

वर एक, खाली एक. मध्ये एका हाकेचं अंतर, आणि हाक कोण मारणार?

शेवटी केशवनं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे पंजा नेला.

"केशा! हात लावू नकोस!" खालून चित्रसेन ओरडला. "भाजशील, मूर्खा!"

केशवचा पंजा तिथंच थांबला. कितीतरी दिवसांत त्याला कुणी केशा म्हटलं नव्हतं. मूर्खही म्हटलं नव्हतं.

तो खाली आला. काळ्या गाडीपुढे वाकला, जाळीमागं चिखलानं भरलेला बारका डोळा त्याला दिसला, आणि त्यानं तो आपल्या केसाळ कोपरानं स्वच्छ पुसला.

"धन्यवाद," गाडी म्हणाली.

"बघ, तुझ्यापेक्षा तिला वळण आहे," केशव म्हणाला.

चित्रसेन हसला. मग ओढ्यावरून पाणी आणायला गेला. इंजिन निवेपर्यंत दोघं गवतात बसले.

"केशा, तुला एक सांगू? माझ्या गाडीचा तो गुरगुराट... निम्मा स्पीकरमधून येतो."

"खरंच?"

"आईशप्पथ. मीच गुरगुरलो तर जास्त घाबरतील लोक."

"माझी गाडी वळत नाही," केशव म्हणाला. "मी फक्त तिला सुचवतो. मग डोळे मिटतो."

दोघं गवतात गडाबडा लोळले. मग केशव हळूच म्हणाला, "ती सीट गरम होते ती... बसून बघू?"

"बस की. आणि मला तुझी दे. किती वर्षं मागायची म्हणतोय."

बांधापर्यंत कुणीच गेलं नाही. दोघं गाड्या बदलून, गाणी म्हणत, शेजारी शेजारी परत आले. वडाखाली लाल गाडीचं नाक जरासं पुढे होतं.

"जुनं इंजिन जिंकलं!" वानर ओरडला.

"चालवत होता बिबट्या! नव्या पक्षाचा!" कोल्हा ओरडला.

"अरे, शर्यत झालीच नाही," केशव म्हणाला. "दोन्ही बंद पडल्या होत्या. दोन्ही छान आहेत."

वानरानं केशवकडे अपार दयेनं पाहिलं. "काका, राग मानू नका. पण तुम्हाला गाड्यांमधलं काही कळतं का?"

"गाडी असली की कळतं असं नसतं," कोल्हा म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच वानरानं त्याला मान डोलावली.

काटेवहिनींनी दोघा मित्रांना टपरीच्या मागच्या बाजूला नेऊन चहा दिला. "पुढे नको भावजी. तुमचं मिटलं असं दिसलं तर माझं गिऱ्हाईक तुटेल."

पुढे सभा भरली होती. मागे बसून दोघं ऐकत होते. वानरानं ठराव मांडला आणि कोल्ह्यानं अनुमोदन दिलं: गाड्या आणि त्यांचे मालक यांच्यामुळे चर्चेत विनाकारण अडथळा येतो, सबब पुढची शर्यत गाड्यांशिवाय घेण्यात यावी.

ठराव एकमतानं मंजूर झाला. मग वानर तोंडानं जुन्या इंजिनाचा आवाज काढू लागला, कोल्हा नव्याचा, आणि सगळं जंगल श्वास रोखून बघू लागलं.

तात्पर्य: गाडीला पेट्रोल लागतं, पाणी लागतं, कधी मित्रही लागतो. मताला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ते कधी बंद पडत नाही. तेव्हा बाळांनो, मोठेपणी गाडी घेऊ नका. मत घ्या.