पाहुण्यांची पहिली बायको

लग्नानंतर आडनाव बदलायचं ही कल्पना सर्वस्वी ब्रेकबाईंची होती. नवऱ्याने सुचवलं नव्हतं. सासर समुद्रापलीकडे असल्यामुळे तिकडून कुणी आग्रह धरण्याचा प्रश्न नव्हता. आणि आईला तर यातलं काही कळूच द्यायचं नव्हतं. "मला हौस आहे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हौसेपुढे कुणाचं काय चालणार!

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या मोटार चालवायला शिकवायच्या. शिकाऊ माणसाशेजारी बसून दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडत गावभर फिरायच्या, म्हणून अर्ध्या गावाने त्यांचं हे बारसं केलं होतं. नवराही त्यांचा विद्यार्थीच. तो दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याच्या देशातला परवाना इथे चालत नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं गाडी चालवलेला हा माणूस मुकाट्याने पहिल्या धड्यापासून शिकायला बसला. सुरू करण्याआधी आरशात बघणारा आणि प्रत्येक सूचनेवर "आभारी आहे" म्हणणारा विद्यार्थी बाईंना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. त्या ब्रेक म्हणायचंच विसरल्या.

आईचा या लग्नाला कडाडून विरोध होता. "आज आहे, उद्या इथे राहायची परवानगी संपली की चालला आपल्या देशाला. मग बस रडत!" तरी लग्न झालं आणि तिघं आईच्याच घरात राहू लागली. आई त्याला "पाहुणे" म्हणायची. जावयाला पाहुणे म्हणतातच, पण आई ते अशा सुरात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, यांची बॅग भरून दाराशीच ठेवली असेल.

पाहुण्यांनी भाषा पुस्तकातून शिकलेली. सकाळी कप खाली ठेवून ते म्हणायचे, "आई, चहा उत्तम झाला आहे. मी आपला ऋणी आहे."

"चहाच आहे तो, कर्ज नाही दिलेलं," आई म्हणायची.

तर अशा घरात आडनाव बदलणार हे आईला सांगायचं कसं? वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचं आडनाव लावणारी आता आई आणि लेक अशा दोघीच उरल्या होत्या. नवं कार्ड हातात आलं की चांगला मुहूर्त बघून सांगू, असं ठरवून ब्रेकबाई गुपचूप कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने अर्ज घेतला, जुन्या ओळखपत्राचा कोपरा कात्रीने कचकन कापला, ते खणात टाकलं आणि हातात एक पावती ठेवली.

"नवीन पोस्टाने येईल."

ते आलं नाही. दरम्यान बाईंनी हौसेने बँकेत नवी सही केली. बँकेने समोरची बाई आणि खात्यावरची बाई वेगळी आहे असं ठरवून खातं बंद ठेवलं. मोटार शाळेच्या मालकाला ही बातमी लागली, तेव्हा तो घाबरून म्हणाला, "बाई, गाडीचा विमा जुन्या बाईंच्या नावावर आहे. तुम्ही गाडीत बसायचं नाही." मग त्या शाळेच्या टेबलाशी बसून फोन घेऊ लागल्या. "ब्रेकबाई आहेत का?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "आहेत, पण कागदावर नाहीत."

घरातही काहीतरी बिनसलं होतं, फक्त उलट्या दिशेने. आई अचानक पाहुण्यांशी गोड वागू लागली. ताटात न मागता वाढायची, त्यांच्याकडे बघून मोठा सुस्कारा सोडायची. एकदा तर लेक आत गेलेली पाहून म्हणाली, "झालं गेलं विसरायचं. चूक कुणाच्या हातून होत नाही? खा तुम्ही."

पाहुण्यांनी खोलीत येऊन बायकोला विचारलं, "आई मला कोणती चूक विसरण्यास सांगत आहेत?"

"मागे साखरदाणी फोडलीस ना, तीच असेल."

"परंतु ती मी विसरलो नाही. मी दोन नव्या आणल्या."

"मग आता विसर," ब्रेकबाई वैतागून म्हणाल्या. त्यांच्या डोक्याला वेगळाच घोर लागला होता. नवऱ्याच्या परवानगीची मुदत संपत आली होती. ती वाढवायची तर इथल्या बायकोने स्वतःचं ओळखपत्र दाखवून, "हा माझा नवरा, हा माझ्यासोबत राहतो," असं सांगावं लागे. नवऱ्याची फाईल चोख तयार होती. ओळखपत्र नव्हतं ते बायकोचंच.

शेवटचा दिवस उजाडला तरी कार्ड आलं नाही. दोघं कचेरीत निघाले तशी आईही चपला घालून दारात उभी. "मीही येते. काही कमीजास्त झालं तर सोबत आपलं माणूस असावं."

खिडकीवरच्या कारकूनबाई बाईंना बघून खुलल्या. "अय्या, ब्रेकबाई! ओळखलंत का? मी तुमच्याकडेच शिकले. रिव्हर्स घेताना तुमच्या कुंपणाचा दगडच पाडला होता बघा!"

"ओळखलं तर! चला, बरं झालं. एवढं काम करून द्या."

"कार्ड?"

"पोस्टात अडकलंय. पण तुम्ही मला ओळखताच ना?"

"मी ओळखते हो," कारकूनबाई ओशाळून म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे मला कसं कळणार?" त्यांनी संगणकात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, कार्ड अडकलेलं नाही. ते मुख्य कचेरीत परत गेलंय. 'या नावाची स्त्री या पत्त्यावर राहत नाही. घरातील व्यक्तीने सांगितले.' असा शेरा आहे."

हा शेरा पाहून आतले साहेब बाहेर आले. बायको त्या घरात राहत नसेल तर लग्न नुसतं कागदावरचं, आणि तसं असेल तर नवऱ्याला आजच्या आज निरोप, एवढा त्याचा सरळ अर्थ होता. ब्रेकबाईंनी पावती पुढे केली, ती चालली नाही. जुनं कार्ड कापलं जाईपर्यंत त्यांना मी कोण हे कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. शेजारी नवरा फाईल छातीशी धरून शांत उभा होता. हा माणूस या देशात आल्यापासून अशाच खिडक्यांपुढे उभा राहतोय आणि तरी दर वेळी "आभारी आहे" म्हणतोय, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि त्यांना रडूच आलं.

"घरात कोण असतं दिवसा?" साहेबांनी विचारलं.

मागच्या बाकावरून आई उठली. "मी असते. मीच हाकललं तिला."

"कुणाला?"

"यांच्या पहिल्या बायकोला!"

रांगेतल्यांच्या माना वळल्या. आई आता थांबणार नव्हती. "पोस्टमन आला, म्हणाला श्रीमती अमुक. नुसतं आडनाव, तेही पाहुण्यांचं! आमच्या गावात या आडनावाचं चिटपाखरू नाही. मग श्रीमती कुठून आली? म्हटलं, असणार तिकडची आधीची. आता पत्ता शोधत आली. मी म्हटलं, अशी बाई इथे राहत नाही, आणि पुन्हा येऊ नका."

"आई!" ब्रेकबाई किंचाळल्या. "ती मी! मी आडनाव बदललं!"

"तू? मला न विचारता?"

"तुला वाईट वाटेल म्हणून... बाबांचं नाव टाकलं नाही गं, मध्ये ठेवलंय."

आईने लेकीचे डोळे पदराने पुसले. मग म्हणाली, "मीही लग्नात माझ्या बाबांचं टाकलंच की. मला तर कुणी विचारलंही नव्हतं."

साहेबांचं समाधान झालं नव्हतं. "आजी, जावयाची पहिली बायको आहे असं वाटलं, तर लेकीला का नाही सांगितलंत?"

"आणि संसार मोडू तिचा? माझी पोर कधी नव्हे ती हसतेय घरात. आणि हा..." आईने पाहुण्यांकडे बोट केलं, "हा मी आजारी पडले तेव्हा रात्रपाळी करून येऊन पायाशी बसायचा. साखरदाणी फुटली तर दोन आणतो. असेल केली चूक एखादी. घरच्या माणसाची चूक घरातच ठेवायची असते, साहेब."

पाहुण्यांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. त्यांच्या पुस्तकात या प्रसंगाचं वाक्य नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला. "खोट्या लग्नात जावयाला इतकं पाठीशी घालणारी सासू अजून माझ्या पाहण्यात नाही," ते म्हणाले. "लग्न खरं आहे. आता या बाई त्याच बाई आहेत असं कुणीतरी लिहून द्या. मात्र लिहून देणाऱ्याचे स्वतःचे सगळे कागद चालू असायला हवेत."

कारकूनबाईंना नियमाने देता येत नव्हतं. आईच्या कार्डाची मुदत केव्हाच संपली होती आणि तिच्या ते गावीही नव्हतं. खिडकीपुढच्या तिघांत कागद चालू असलेला असा एकच माणूस होता, आणि त्याचेही संध्याकाळपर्यंतच. पाहुण्यांनी पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ही माझी पत्नी आहे. मी हिला चांगला ओळखतो. ही याच देशाची आहे."

त्यावर शिक्का बसला. इथल्या बाईंची ओळख परदेशी नवऱ्याने पटवली आणि त्या ओळखीवर त्याला राहायची परवानगी मिळाली. "आभारी आहे," तिघंही एकदम म्हणाले, आणि ब्रेकबाईंनी तर खिडकीतून हात घालून कारकूनबाईंचा हात धरला. "कुंपणाचा दगड माफ," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, ऊठ की, दार उघड! पोस्टमन असेल!" असं एकेरीत तिने पाहुण्यांना कधीच हाक मारली नव्हती. ते इतके गडबडीने धावले की एक चप्पल मागेच राहिली.

पोस्टमनने मात्र मागच्या अनुभवाने पाकीट लांबच धरलं. "श्रीमती... या राहतात का इथे? नक्की?"

"राहते," आई हात पुसत पुढे आली. "ती राहते, हा राहतो, आणि मीही राहते. द्या इकडे."

तिने पाकीट फोडलं, कार्ड उजेडात धरलं आणि फोटोकडे बराच वेळ बघितलं. कचेरीतल्या यंत्राने काढलेला तो फोटो, त्यात ब्रेकबाईंचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा वटारलेला.

"खरं सांग हं," ती जावयाला हळूच म्हणाली, "ही ती पहिलीच ना?"