शिवकन्येचा अपेंडिक्स चोरीला जातो

नऊ वर्षांच्या शिवकन्येच्या पोटात उजवीकडं कळा येऊ लागल्या आणि तिच्या काकांच्या अंगात वैद्य संचारला. वालूरच्या दिनकररावांना येत नाही अशी विद्या अजून जन्माला यायची होती. "गॅस हाय. सोडा पाज," त्यांनी फर्मावलं. पोरीचा बाप मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेलेला, तेव्हा थोरल्या दिरापुढं तिची आई दैवशाला बिचारी काय बोलणार? पोर सोडा प्याली, ओकली आणि दुखण्यानं आणखीच वाकली. मग कुठं जीप परभणीला निघाली, आणि वाटेत काकांनी तिला अजून एक सोडा पाजलाच.

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावून बराच वेळ यंत्र फिरवलं. "अपेंडिक्सचा संशय आहे, पण तो दिसत नाहीये. आतड्यात हवा फार भरलीय, तिच्याआड गेलाय. थोड्या वेळानं पुन्हा बघू."

दिनकररावांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "दिसत न्हाई म्हंजे? समद्यांना असतोय, मग आमच्या पोरीचा गेला कुठं?" उत्तरही त्यांनीच काढलं. मागच्या उन्हाळ्यात पोरीचा हात मोडला, तेव्हा याच दवाखान्यात भूल देऊन प्लास्टर घातलं होतं. "तवाच काढून इकला!"

"भाऊजी, हाताच्या प्लास्टरात पोटातलं कसं काढतील?"

"तुला काय कळतंय? भूल दिली की मानूस म्हंजे उघडं गोदाम!"

काकांच्या फोनवर गावातून जीपभर माणसं आली आणि दवाखान्याचं दार अडवून बसली. कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं, तसं दिनकररावांनी केस विंचरले. ज्या गृहस्थानं पोरीला 'दुखतंय का गं' असं एकदाही विचारलं नव्हतं, तो तिच्या अपेंडिक्ससाठी भजी खात उपोषणाला बसला होता.

आत पोर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. दैवशाला तिची पाठ चोळत होती. डॉक्टरबाईंनी या खेपेला यंत्र हळूहळू दाबत नेलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. चांगलाच सुजलाय. आजच काढायला हवा, फुटला तर जिवावर बेतेल."

सिस्टर दैवशालाला घेऊन सहीसाठी बाहेर आली, तर काका उसळले. "चोरीला गेलेली चीज काढनार कशी? खामखा बिल वाढवायलाव! सही न्हाई मिळायची!"

दैवशालाचं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून ती दिरापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. "पोर माझी हाय," ती म्हणाली. "सही मी करते." तिनं सिस्टरच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

ऑपरेशन सुखरूप झालं. काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायचा म्हणून सर्जन स्टीलच्या वाटीत तो घेऊन बाहेर आले. करंगळीएवढा लालभडक तुकडा बघून दिनकररावांनी वाटी आपल्या हातात घेतली. आता तरी हा माणूस मान खाली घालेल, असं दैवशालाला वाटलं.

त्यांनी वाटी जमावापुढं उंच धरली. "बघा! दार अडवलं तवा कुठं परत दिला!"

टाळ्या पडल्या. मग काकांनी मोठ्या मनानं वाटी सर्जनच्या हातात ठेवली. "जाऊ द्या, माफ केलं तुमाला. आता जिथला तिथं बसवा."

दैवशाला पोरीपाशी आत गेली आणि तिनं आतून कडी लावली.