बावतीसभाऊंची अमेरिका

सकाळी साडेसहाला लिफ्टमध्ये भेटलेला माणूस साधारणपणे "काय, बरं आहे ना?" विचारतो. आमचे बावतीसभाऊ विचारायचे नाहीत, बातमी द्यायचे. "ताई, अजून जागे आहेत हो!"

जागे म्हणजे कोण, तर अमेरिकेचे साहेब. मस्कतला सकाळ होते तेव्हा वॉशिंग्टनला आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि बावतीसभाऊंच्या मते जगाला खरा धोका त्याच वेळेला. माणूस जेवलेला, झोप येत नाही, हातात फोन! "एकदाचे पडले अंथरुणात की आपण सुटलो. तोवर मोठं काही ठरवू नका." मी म्हटलं, "अहो, मी दूध आणायला चाललेय." जरा विचार करून म्हणाले, "दूध चालेल."

साहेबांचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे, तसं. नुसतं "त्यांचे साहेब" म्हणायचे आणि पश्चिमेला हनुवटी करायचे. त्या दिशेला आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीची खोली आहे. नवीन भाडेकरूंना वाटायचं, कुणी मोठा माणूस तिथे राहतो.

आता कुणाला वाटेल, हे गृहस्थ राजकारणातले किंवा प्रोफेसर वगैरे असतील. छे! वसईचे ख्रिस्ती, वय एकोणसाठ, मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, बायको फिलूवहिनी आणि मुलगा वसईला, आणि नोकरी बरका गावातल्या खिळ्यांच्या कारखान्यात. लोखंडी खिळे! एकतीस वर्षं हा माणूस खिळ्यांचे कागद करत होता. माल कुठं तयार झाला त्याचा दाखला, पेट्यांची यादी, जहाजाची पावती. आणि ते सगळे खिळे जायचे अमेरिकेला. तिथली घरं लाकडाची ना. त्यामुळे बावतीसभाऊंची पक्की समजूत होती की निम्मी अमेरिका आपल्या भरवशावर उभी आहे.

आमच्याकडे टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला की सगळे हिरोकडे बघायचे, हे बघायचे जिन्याकडे. एकदा सिनेमात वादळ आलं, गाव उडालं, नायिका रडतेय, माझी सून केतकी डोळे पुसतेय, आणि हे उठून पडद्याला बोट लावून म्हणतात, "छप्पर गेलं. पण चौकट बघा, हलली नाही. तीन इंची आहेत. आमचे."

संदीप, माझा मुलगा, त्यांना छळायचा. "अंकल, तुमचे कशावरून? चीनचे असतील."

"चीनचा खिळा वाकतो," असं म्हणून ते जे गप्प बसायचे, ते जाहिराती संपेपर्यंत.

त्यांची अमेरिका मला कळली ती मात्र वाटीवरून. आपल्याकडे रीत आहे, शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मी अळूवडी पाठवली की बावतीसभाऊंकडून वाटीत वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, यायची. एकदा वाटी द्यायला आले ते ओट्याला टेकून उभेच राहिले. त्या आठवड्यात त्यांच्या साहेबांनी सगळ्या जगावर आयातकर बसवला होता. मित्र नाही बघितला, शत्रू नाही बघितला.

"ताई, आळीत एक मोठं घर असतं बघा. सगळ्यांकडे त्या घरची वाटी जाते. सणाची जाते, आजारपणात जाते. कुणी भरून परत करतं, कुणी नुसती धुऊन देतं, कुणी विसरतं. मोठ्या घरची बाई कधी विचारत नाही. का?"

"तिच्याकडे वाट्या पुष्कळ असतात म्हणून."

"तसं नाही हो! भांडण झालं की लोक कुणाच्या ओट्यावर येतात? तिच्या. लग्न ठरवायचं, कुणाला विचारतात? तिला. ते सगळं त्या वाट्यांमुळे. आता एके दिवशी ही बाई दारात उभी राहून ओरडायला लागली, की तू माझं खाल्लंस, तू लुबाडलंस मला, तर काय होईल?"

"लोक वाट्या परत करतील."

"करतील! सगळ्या वाट्या परत येतील. आणि मग तिच्याकडे कुणी येणार नाही." मग हळूच म्हणाले, "भिंतीला भिंत लागून घर ज्याचं, त्या कॅनडालासुद्धा सोडलं नाही हो. सख्खा शेजारी."

मी म्हटलं, "पण भाऊ, वर्षानुवर्षं वाटी परत न करणाऱ्याचा राग येतोच की माणसाला. मला येतो. दुसऱ्या मजल्यावरचीचा तर फार येतो."

"राग येऊ द्या. पण मोठेपण हवं असेल तर तो गिळावा लागतो, ताई. गिळायचा नसेल तर मोठेपण सोडावं. दोन्ही कसं मिळेल?"

मी पुष्कळ पेपर वाचते, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओमानचा आणि अमेरिकेचा कराराचा कागद आहे, मोकळ्या व्यापाराचा. त्याची प्रत बावतीसभाऊंनी बाइंडिंग करून घेतली होती आणि बायबलच्या शेजारी ठेवली होती. आयातकर जाहीर झाल्यावर ते ती घेऊन वर आले आणि एकेका कलमावर बोट ठेवून संदीपला वाचून दाखवायला लागले. "सही आहे ना? मग? सही करणारा माणूस बदलतो. सही बदलते का?"

"अंकल, ते म्हणतात देशाच्या सुरक्षेसाठी लोखंडावर कर आहे."

"खिळ्यानं कसली सुरक्षा धोक्यात येते रे? पायात गेला तर गोष्ट वेगळी."

आम्ही हसलो. तेही हसले. पण त्या दिवशी चहा तसाच राहिला.

मग एक एक सुरू झालं. कारखान्याचं गिऱ्हाईक होतं तिकडे ओहायोत, ग्लेन नावाचे गृहस्थ. एकोणीस वर्षं दोघांची ईमेल चालायची. भेट कधीच नाही. नाताळला ग्लेन नव्या बांधलेल्या घरांचे फोटो पाठवायचा, हे इकडून वसईच्या घरी मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्याचा. ग्लेनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बावतीसभाऊंनी मेणबत्ती लावली होती. त्या ग्लेनचं पत्र आलं की वाढीव कर परवडत नाही, पुढच्या ऑर्डरी रद्द. शेवटी लिहिलं होतं, यात व्यक्तिगत काही नाही.

ते पत्र बावतीसभाऊंनी मला तीनदा वाचायला लावलं. "एकोणीस वर्षं, ताई. आणि यात माझं काहीच नव्हतं?" मग स्वतःच त्याची बाजू घेतली. "तो तरी काय करणार? त्याचीही दोन माणसं काढलीत म्हणे. त्यांच्या साहेबांनी त्यालाच मारलाय आधी." आणि बसून त्याला उत्तर लिहिलं. गुडघा कसा आहे म्हणून विचारलं.

उत्तर आलं नाही.

कारखान्याचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, भला माणूस. दोन महिने "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिला. मग एके दिवशी खिळ्यांची मशिनं बंद केली. बावतीसभाऊंना समोर बसवून स्वतःच्या हातानं कहवा ओतून दिला आणि म्हणाला, "खलास, बावतीस. मला माफ कर." नोकरी गेली की इथला व्हिसा जातो. एका महिन्यात देश सोडायचा.

आम्ही सगळ्यांनी समजूत घातली. अहो, वसईला तुमचं घर आहे, केळीची वाडी आहे, फिलूवहिनी आहेत, मुलगा आहे. एकतीस वर्षं हातानं रांधून खाल्लंत, आता सुखानं राहा. पण हा माणूस वेड्यासारखा नोकरी शोधायला लागला. लांब सहम गावी शेतीच्या औषधांच्या दुकानात पोती मोजायचं काम होतं, तिथे गेले. एका हॉटेलात रात्रीचा पहारा विचारला. पगार देऊ नका, पण व्हिसा ठेवा, असंही कुठेतरी म्हणाल्याचं कानावर आलं.

इमारतीत चेष्टा सुरू झाली. खोटं कशाला बोलू, आमच्या घरातून सुरू झाली. संदीप म्हणाला, "अंकल, आंटींना इतके घाबरता?"

"अरे, तुला काय माहीत ती कशी आहे," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मीही हसले. आता आठवलं की माझी मला लाज वाटते.

सगळीकडून नकार आला. जायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी दारात उभे. "ताई, चर्चमधली मिस्सा झाली की जरा माझ्याबरोबर येता? तासाभराचं काम आहे." हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन.

गाडी थांबली ती ख्रिस्ती दफनभूमीपाशी. उघड्या डोंगरांच्या बेचक्यात पांढरे क्रूस, आणि सकाळीच अंग भाजेल असं ऊन. एका कडेला वीतभर रुंदीची जागा, भोवती दगड लावलेले. आणि त्या उजाड मातीत गुडघाभर उंचीचा मोगरा, हिरवागार.

"ही लुसी," बावतीसभाऊ म्हणाले. "अकरा दिवसांची होती."

ही त्यांची मुलगी, इथे आल्याच्या दुसऱ्याच वर्षी झालेली. फिलूवहिनी त्यानंतर वसईला गेल्या त्या परत ओमानला आल्या नाहीत. मोगऱ्याचं रोप त्यांनीच वाडीतून पाठवलं होतं. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न एकच. पाणी घातलंत का?

"चार रोपं मेली इथल्या उन्हात. हे पाचवं. नऊ वर्षं झाली याला." ते खाली बसून सुकलेली पानं काढायला लागले. "फिलू म्हणते, तिला एकटी टाकून येऊ नका. आता फिलूला मी काय सांगू, ताई? अमेरिकेनं खिळे घ्यायचे बंद केले म्हणून सांगू?"

इतकी वर्षं या माणसाच्या वॉशिंग्टनला मी हसत होते.

"शुक्रवारी एकदा घातलं तरी जगतं. उन्हाळ्यात मात्र दोनदा," ते खाली बघूनच म्हणाले. "तुम्हाला जमेल?"

मी हो म्हटलं. माझं इथलं राहणं संदीपच्या नोकरीवर, आणि संदीपची नोकरी जहाजाच्या मालाची. त्याच्या ऑफिसातली तीन टेबलं मागच्याच महिन्यात रिकामी झालीत. हे बावतीसभाऊंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्यांनी विचारलं नाही, किती दिवस. मीही सांगितलं नाही.

त्यांनी कॅन माझ्याकडे दिला. मला एकटीला तो पेलेना. मग त्यांनी खालून हात लावला.

"एकदम नाही, ताई," ते म्हणाले. "हळूहळू. मुरू द्या."