साहेबांची दोन बोटं

"या हप्त्यात गल्लीत टँकर न्हाई आला तर नावाचा धोंडप्पा न्हाई!" असं छातीठोकपणे सांगून धोंडप्पा भाडेकरूकडं जेवायला निघाला. गल्लीनं विश्वास ठेवला. दुसरं करणार काय! बोअर आटून महिना झाला होता. आणि भाडेकरू कोण, तर लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अलिबागकडून बदलून आलेले आवासकर साहेब! टँकर कुठं जायचा ते त्यांच्याच हातात. साहेब ज्यू, आणि आज त्यांचं नवं वर्ष होतं.

विषय काढायचा कधी? धोंडप्पा नुसती संधी शोधत होता. साहेबांनी मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली. तेव्हा बोलणं बरं नव्हतं. मग साहेबांच्या बाई शेजारच्या भामाबाईला शिरा द्यायला गेल्या आणि साहेब मोरीकडं वळले. तेवढ्यात खिडकीत मांजर! टेबलावर फडक्याखाली काहीतरी होतं. धोंडप्पानं ते चटकन उचलून कपाटावर ठेवलं आणि साहेबांच्या मागं धावला.

साहेब तांब्यानं आधी एका हातावर, मग दुसऱ्या हातावर पाणी ओतत होते. पुन्हा ओतलं! खाली जाणारा थेंब न् थेंब पाहून धोंडप्पाला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"साहेब, तेवढं पाण्याचं बघा की!"

साहेब गप्प. हात धुतल्यावर प्रार्थना म्हणून पावाचा घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती धोंडप्पाला कोण सांगणार?

साहेब टेबलाशी आले. पाव गायब! त्यांनी दोन बोटं वर केली. मग हातांनी गोल आकार काढला. मग तोंडाकडं बोट नेलं.

"दोन... गोल... टँकर! दोन टँकर! आन् तेबी पिण्याच्या पाण्याचे!"

साहेबांनी काकुळतीनं हात जोडले.

"अवो, हात आमी जोडायचे!" म्हणत धोंडप्पा बाहेर सुटलासुद्धा.

बघता बघता धोंडप्पामागून घागरी, बादल्या, डबे घेऊन अख्खी गल्ली दारात! "टँकर कुटं हाय?" जो तो विचारू लागला. गर्दीतून वाट काढत बाई आत आल्या.

"अगंबाई, पाव कुठंयत?"

"पाव व्हय ते? मांजर आलं म्हणून कपाटावर ठिवलं," धोंडप्पा म्हणाला.

पाव आले. साहेबांनी प्रार्थना म्हटली, घास गिळला आणि ते ओरडले, "धोंडप्पा, मी सणाचे दोन गोल पाव मागत होतो हो!"

सगळी गल्ली धोंडप्पाकडं वळली. त्याला लपायला मोरीसुद्धा पुरली नसती.

"अहो, पण पाव कुठंयत एवढं विचारलेलं चालतं की! जेवणापुरतं बोललं तर रीत मोडत नाही," बाई म्हणाल्या.

साहेब ओशाळले. दारातल्या घागरी तर हलायला तयार नव्हत्या.

"बरं, सण उरकला की टँकर पाठवतो," ते म्हणाले.

भामाबाई पुढं झाली. "किती ते तोंडानं सांगा, साहेब. हातवारे नगंत!"

"एक."

साहेबांच्या मागं उभ्या धोंडप्पानं हळूच दोन बोटं वर केली. ती त्याच्या बायकोनं खाली ओढली.